घंटा नानांची नव्हे, वसईची

‘चर्चच्या खुणा’ या लेखावरील एका पत्रात मेणवलीची घंटा ‘नाना फडणवीसांनी वसई जिंकून आणली’ असे ठोकून दिले आहे. नानांचा जन्म १७४२चा. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली मे १७३९मध्ये. तेव्हा नाना जन्मलेच नव्हते, लढणार कुठून?

घंटा मात्र बोलकी आहे. कृष्णाकाठच्या घाटावर, नानांच्या वाड्याला लागून ती टांगलेली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया उठावात दिसते, आणि साल आहे १७०७. म्हणजे वसई पडण्याआधी ३२ वर्षे ती ओतली गेली. मारियेसकट ती घाटावर लागली आणि कोणी ते चित्र घासून काढले नाही, हे विशेष. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटाही वसईच्या विजयाशीच जोडली जाते. त्या मंदिराचे बांधकाम १७४७चे.

‘वसईत चर्चच कुठे उरले?’ हा पत्रलेखकाचा दुसरा सवालही टिकत नाही. किल्ल्यात सेंट जोसेफचा मनोरा आजही उभा आहे. १६०१मध्ये आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधल्याचा शिलालेखही आहे. लाकडी वेद्या आणि मूर्ती मात्र गेल्या. ओतीव धातू टिकला, कारण मंदिरांत तो वाजत राहिला.

मात्र मेणवलीची घंटा वसईतल्या नेमक्या कोणत्या चर्चची, हे तिच्यावरील सालावरून ठरत नाही. तेव्हा संपादकांनी पुढच्या अंकात नानांचे नाव वगळून दुरुस्ती छापावी.