मिशीला पीळ दिला की झाला पुरुष?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. आपल्या मराठी सिनेमातल्या 'मर्द' नावाच्या प्राण्याशी!

'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२)... शिवकालीन चित्रपट ओळीने आले. इतिहास मुलांपर्यंत पोचतो हे चांगलंच. तक्रार वेगळी आहे. अशा चित्रपटांतला शूर माणूस सारखा गर्जत असतो. डोळे लाल, आवाज चढलेला, मागे ढोल. मुलं थिएटरातून बाहेर पडताना ती आरोळी तेवढी घेऊन येतात. अहो, महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन टाकले, त्याला काळीज लागलं नसेल? माघार घेऊन वाट पाहणं हेही शौर्यच. फक्त त्यावर शिट्ट्या पडत नाहीत.

"युद्ध दाखवायचं तर तलवार नको का?" असं कुणी म्हणेल. हवी ना! पण तलवार म्हणजेच पुरुष, हे कुणी ठरवलं? आपल्याच सिनेमाने वेगळे पुरुष दाखवलेले आहेत. 'श्वास'मधले (२००४) आजोबा आठवा. नातवाची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी त्याला जग दाखवायला घेऊन निघणारे. 'नटरंग'मधला (२०१०) गुणा हा चांगला पैलवान गडी, कलेपायी नाच्या होतो. लोक टिंगल करतात, घरचे तुटतात, तरी तो कला सोडत नाही. त्याचं बळ दंडात होतं की या सोसण्यात, तुम्हीच सांगा. 'सैराट'मध्ये (२०१६) ट्रॅक्टर आर्ची चालवते. पुढे संशयापायी परशा तिच्यावर हात उचलतो, तेव्हा नागराज मंजुळे त्याला मर्दानगी म्हणून मिरवू देत नाहीत. तिथे आपल्यालाच लाज वाटते.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं वाटेल. सांगतो. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी शेकडो शेतकरी जीव देतात आणि त्यांत बहुतेक पुरुष असतात. नापिकी, कर्ज, पडलेले भाव ही कारणं आहेतच, त्याचं खापर सिनेमावर फोडणार नाही. पण "आता मला झेपत नाही" हे एक वाक्य बायकोजवळ, भावाजवळ बोलायची लाज त्यांना कुणी शिकवली? सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) बायको धास्तावून नवऱ्याच्या मागे पोराला पाळतीवर ठेवते. विदर्भातली गोष्ट, पण आपल्याकडच्या किती घरांत हेच चाललं असेल! "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?" हे घरात, शाळेत, पारावर ऐकत मुलगा मोठा होतो. पडद्यावरही तेच दिसलं, तर त्याने मन मोकळं करायचं कुठे?

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. वडिलांचं सुतक पाळायला गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र, दोन पुरुषांच्या हळुवार प्रेमाची गोष्ट. आमच्या वयाच्या काहींना ती पचायला जड जाईल. जाऊ दे! माणूस आतून कसा असतो, हे तिथे दिसतं.

असो. नातवंडांना गडावर जरूर न्या, शिवकालीन चित्रपटही दाखवा. पण त्याच सुट्टीत एकदा 'श्वास'ही दाखवा आणि शेवटी पोराचे डोळे भरून आले तर "रडू नको" म्हणू नका. आणि तुम्हाला आठवणारा असा एखादा पडद्यावरचा पुरुष असेल, तर जरूर कळवा.