घर-अंगण : मातीच्या भिंतीत शिरलेले नळाचे पाणी



आर्णी तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र समोर आहे. नाव छापत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. घर आजेसासऱ्यांच्या वेळचे, मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. नळाची लाईन अलीकडे आली. ठेकेदाराच्या माणसांनी हातभर खोल नाली खणली, पाईप भिंतीच्या पायाखालून घातला आणि ते निघून गेले. एका रात्री पाणी सुटले तेव्हा तो पाईप जमिनीतच फुटला. घरात कोणाला आवाज आला नाही. पहाटे ताई उठल्या तर माजघराची जमीन पायाखाली दबत होती आणि भिंतीला टेकून रचलेला कापूस खालून भिजला होता. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस, त्यावर मुलीच्या लग्नाचा हिशेब. त्या विचारतात, "भाऊ, आधी काय वाचवू? भिंत की कापूस?"

ताई, आधी माणसे. भिंत ओली असेतो तिच्या अंगाला कोणी निजू नये. खाटा दुसऱ्या खोलीत न्या, माळ्यावरची पोती उतरवून भिंतीवरचा भार कमी करा. वाळलेली मातीची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते, पण तळाशी भिजली की तिचा जोर जातो. भिंतीला पोट आले, मातीचे कण आपोआप गळू लागले, किंवा कालपर्यंत नीट लागणारे दार आज अडकू लागले, तर भिंत बसू लागली असे समजा. आढ्याखाली, तुळवटाखाली बल्लीचा टेकू द्या. बल्लीखाली फळी ठेवा, नाही तर ती ओल्या जमिनीत रुतेल.

दुसरे, वीज. ओल्या भिंतीवर बटणाची पाटी असेल तर मेन स्विच पाडा, पण पाय कोरडे ठेवून. मेन स्विचच ओल्या भिंतीवर असेल तर त्याला हात लावू नका, वायरमनला बोलवा. तोवर कंदील बरा.

तिसरे, पाणी बंद करणे. आपल्या नळाला अंगणात कॉक आहे का, हे आजच पाहून ठेवा. पुष्कळ घरी तो नसतो, किंवा असतो आणि मातीत पुरलेला असतो. नसेल तर गल्लीचा वॉल कोठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक हवे. पाईप उघड्यावर फुटला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा, ताणून ताणून चिरेच्या दोन्ही अंगांना वीतभर गुंडाळा आणि वरून तार आवळा. एक-दोन दिवस निभते. मग प्लास्टिकचा पाईप असेल तर फुटका तुकडा कापून कपलर बसवायचा. दोन्ही टोके फडक्याने कोरडी करून सोल्युशन लावा आणि एक दिवस पाणी सोडू नका. ओल्या पाईपला लावलेले सोल्युशन धरत नाही. आपल्याकडचे निम्मे सांधे याच घाईने पुन्हा गळतात, असे माझे मत आहे. लोखंडी पाईपच्या आट्यांना सुतळी आणि सफेदा, नाही तर पांढरी टेप.

रात्रभराच्या गळतीने एवढी ओल कशी, असे ताईंना वाटते. मिनिटाला एक लिटर म्हणजे करंगळीएवढी धार. आठ तासांत ४८० लिटर होतात, दोनशे लिटरचे दोन ड्रम भरून वर ८० लिटर. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा दरडोई रोज ५५ लिटरचे माप धरले गेले. त्या मापाने पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात. म्हणजे घराचे पावणेदोन दिवसांचे पाणी तुमच्या पायात मुरले.

पाईप फुटतो का, तेही सांगतो. पाणी चोवीस तास नसते. मधल्या वेळात पाईपात हवा भरते आणि पाणी सुटले की ती पुढे रेटली जाते. वॉल झटकन उघडला वा बंद केला तर धावते पाणी आदळते आणि नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट धक्का बसतो. मोठ्या नळात हाच जोर काय करतो ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ४ मार्च २०२३ रोजी यवतमाळ शहरात रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली, रस्ता उलला, पाण्याचा लोट वर उसळला आणि स्कूटीवरून चाललेली एक महिला जखमी झाली. सारे कॅमेऱ्यात टिपले गेले आणि देशभर दाखवले गेले. तुमचा अर्धा इंची नळ रस्ता फोडणार नाही, पण मातीची भिंत पाडायला तो पुरे आहे.

दुसरे कारण आपली काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतातल्या भेगेत हात जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार! तीच ओढाताण जमिनीत पुरलेल्या पाईपची होते आणि सांधा निखळतो. आपले जुने लोक घराला काळी माती वापरत नसत. गावठाणाची ती पांढरी आणि शेताची ती काळी, असे आपण अजून म्हणतो. भिंत पांढरीच्याच मातीची, कारण ती फारशी फुगत नाही आणि उलतही नाही. खांब सागाचा, पण खाली दगडी बैठक, म्हणजे लाकडाला ओल आणि वाळवी लागू नये. इतका विचार करून बांधलेल्या घराच्या पायाखालून आपण विचार न करता पाईप घातला.

आता कापूस. ताई, सारा ढीग उपसा. वरून कोरडा दिसतो म्हणून सोडू नका. हात आत खुपसून पाहा, ऊब लागली तर आत कुजायला लागले आहे. भिजलेला कापूस वेगळा काढून ताडपत्रीवर पातळ पसरा, उलटत राहा, रात्री दव पडण्याआधी आत घ्या. ओला कापूस कोरड्यात मिसळून 'खपून जाईल' असे करू नका. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर सरकारी खरेदीत पूर्ण भाव धरतात, आठ ते बारा टक्क्यांना भाव कापतात आणि बारावर घेत नाहीत. दोन मण ओल्यापायी वीस मणांचा भाव कशाला पाडायचा? पिवळा पडलेला कापूस वेगळाच विका, कमी भावाने जाईल. पुढल्या खेपेला गंजी भिंतीपासून हातभर दूर आणि खाली लाकडी फळ्या.

घरचे सोयाबीनचे बियाणे त्याच खोलीत असेल तर वाळवूनही विश्वास ठेवू नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा, सत्तरांहून कमी उगवले तर ते पेरू नका. बुरशी आलेले धान्य जनावरांनाही घालू नये. सातबारा, कर्जाची कागदपत्रे भिजली असतील तर उन्हात टाकू नका, कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून सावलीत सुकवा.

फुटक्या पाईपमधून पाणी बाहेर जाते, तसे पाणी बंद झाल्यावर भोवतालची घाणही आत ओढली जाते. दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी सांडून द्या, मग दोन-चार दिवस उकळून प्या. जुलाब आणि कावीळ याच वाटेने घरात येतात.

भरपाईचे ताईंनी विचारले आहे. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसे पुरात अडकली होती, जिल्ह्यात घरांची हानी झाली. अशा नैसर्गिक आपत्तीत पडझडीचा पंचनामा होऊन मदत मिळते. नळाचा पाईप फुटणे त्यात बसत नाही. म्हणून तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) खेटे घालण्याआधी ग्रामपंचायतीकडे जा. गावातली नळयोजना ग्रामपंचायतीच्या आणि गावच्या पाणीपुरवठा समितीच्या ताब्यात असते. लेखी अर्ज द्या, पाईप किती खोल होता ते पट्टी लावून फोटोत दाखवा आणि अर्जाची पोच घ्या. नाली बुजवण्याआधी फोटो काढा, हे विशेष. पैसे मिळतील असे मी म्हणत नाही, पण पाईप दुसऱ्या वाटेने घालून मागण्याचा तुमचा हक्क आहे. नवी वाट पायापासून दूर, कमरेइतकी खोल, पाईपभोवती वाळू किंवा बारीक मुरूम. भिंत ओलांडायचीच असेल तर पायाच्या वरून, मोठ्या पाईपच्या तुकड्यातून आरपार, म्हणजे गळाले तरी पाणी बाहेर दिसेल.

शेवटी पत्रातला दीरांचा सल्ला: भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा मारून टाकू. ताई, हे मात्र होऊ देऊ नका. मातीची भिंत ओल ओढते तशी सोडतेही. वरून सिमेंट लावले की ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि गिलाव्याआड माती कुजते. बाहेरून भिंत टणक दिसते आणि एक दिवस आतून पोकळ निघते. आधीचा सिमेंटचा पट्टा असेल तर तोही दोन हात उंचीपर्यंत हलक्या हाताने काढा, पण आधी टेकू देऊन. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. शेगडी लावून भिंत सुकवू नका, वरचा थर तडकतो आणि आत ओल तशीच राहते. पांढरा लोणा वर येईल, तो कोरड्या खराट्याने झाडा. रात्री भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवा आणि सकाळी काढा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. थेंब येणे बंद झाले की पांढरीची माती आणि गव्हाचे कुटार चार-सहा दिवस भिजवून, तुडवून गारा करा आणि दोन पातळ थरांत लिंपा. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा. महिना-दोन महिने सहज लागतील, पण मृगाच्या आत काम उरकले पाहिजे. तोवर टेकू काढू नका.