उचलीचा कागद कोर्टात चालतो का?

नारपोलीतला यंत्रमाग असो, गोदाम असो की भिवंडी तालुक्यातली वीटभट्टी. "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही" अशा स्टॅम्प पेपरवर सही केली की कामगार स्वतःला बांधलेला समजतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : असा कागद कोर्टात टिकत नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 23 नुसार ज्या कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने निषिद्ध आहे, तो करार रद्दबातल असतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 याही पुढे जातो. कलम 5 वेठबिगारीचा करार निरर्थक ठरवते. कलम 6 ते कर्जच संपवते आणि वसुलीचा दावा करायला मनाई करते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम 15 ने सावकारावर टाकला आहे.

"सही राजीखुशीने केली होती", असे मालक म्हणेल. पण 1982 च्या एशियाड कामगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरिबीची मजबुरी हीही सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे हा संविधानाच्या अनुच्छेद 23 चा भंग आहे.

प्रत्येक उचल मात्र वेठबिगारी नसते. त्या पैशापायी काम सोडण्याचे, कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य गेले किंवा किमान वेतनही मिळेनासे झाले, की ती वेठबिगारी होते. आणि करार रद्द झाला म्हणून केलेल्या कामाची मजुरी बुडत नाही.

मग अडते कुठे? मालक कोर्टात जातच नाही. तो मजुरीतून परस्पर कापून घेतो, धमकावतो. कोर्टाने करार न बजावणे हे संरक्षण अशा वेळी कागदावरच राहते. म्हणून दार आपणच ठोठवायला हवे. कायद्याच्या कलम 13 प्रमाणे जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य असावे लागतात. भिवंडीच्या प्रांत कार्यालयात जाऊन तरुणांनी विचारावे : समिती नेमली आहे का? ते तीन सदस्य कोण? बैठक कधी झाली?

महार वतनाची वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वेठ मोडायला कायदा लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज कायदा हातात आहे; तो वापरणे आपले काम आहे.

जय भीम!