सुलाचे फोटो पाहून कॉटेज बांधायला निघालात? आधी सालं बघा



परवा डोणगावच्या दुकानात एक तरुण आला. आपला चॅनल बघणारा, मेहकर तालुक्यातलाच, घरची 6 एकर संत्र्याची बाग. मोबाईलवर नाशिकच्या सुला विनयार्ड्सचे फोटो दाखवून म्हणाला, "दादा, समृद्धी महामार्ग जवळ, लोणार जवळ. सहा कॉटेज अन् एक स्विमिंग पूल बांधतो. जमीन तारण ठेवली तर 40 लाख मिळतात. सांगा, घेऊ का?"

मी नको म्हटलं. का, ते इथं लिहितो, कारण हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. (आणि हो, मी स्वतः वाईन घेत नाही. विषय धंद्याचा आहे, तेवढाच धरा.)

फोटोत दिसतं ते सुलाचं आजचं रूप. सुरुवात कशी होती? राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात ती सोडून परत आले. नाशिकला गंगापूर धरणाजवळ कुटुंबाची जमीन होती. तिथं आंबा लावून पाहिला, गुलाब लावून पाहिले, खायची द्राक्षंही केली. मग विचार आला, इथं खायची द्राक्षं एवढी येतात तर वाईनची का येणार नाहीत? केरी डॅमस्की नावाचा कॅलिफोर्नियातला वाईनमेकर सोबत घेतला, बाहेरच्या जातींची वेलं लावली, परवान्यासाठी चकरा मारल्या. आईचं नाव सुलभा, त्यावरून वाईनचं नाव ठेवलं सुला.

आता खरी अडचण बघा. बाटली तयार झाली, पण गिऱ्हाईक कुठंय? वाईन म्हणजे काय हेच लोकांना माहीत नाही, आणि टीव्हीवर दारूची जाहिरात करायला कायद्यानं बंदी. मग सांगायचं कसं? त्यांनी गिऱ्हाईकालाच शेतावर बोलावलं. 2005 मध्ये वायनरीतच टेस्टिंग रूम काढली. माणूस येतो, मोठमोठ्या टाक्या बघतो, ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हे समजून घेतो, वेगवेगळे प्रकार घोट-घोट चाखतो आणि आवडलं तर जाताना बाटली घेतो. जानेवारी ते मार्च द्राक्षं तोडणीचा हंगाम, तेव्हा पायानं द्राक्षं तुडवायलाही लोक पैसे मोजून येतात. घरी गेल्यावर दहा जणांना सांगतात ते वेगळंच. आज वर्षाला तीन लाखांवर माणूस तिथं जातो.

आता सालं नीट बघा. वेलं 1997 च्या सुमारास, पहिली वाईन 2000, टेस्टिंग रूम 2005, संगीताचा सुलाफेस्ट 2008, आणि राहायचं रिसॉर्ट 2010. म्हणजे खोल्या यायला दहा-बारा वर्षं गेली, राजेहो! माल आधी होता, मग चाखणारे आले, आणि चाखणारे "मुक्काम करायचाय" म्हणायला लागले तेव्हा पलंग टाकले. आमचा हा गडी पलंगापासून सुरुवात करायला निघाला होता.

कर्जाचंही सांगतो. सुलाच्या आधी आपल्याकडे मोठं नाव होतं नारायणगावच्या चौगुले कुटुंबाचं, शातो इंडाज. त्यांची ओमर खय्याम ही फेसाळणारी वाईन परदेशातही जायची. माल चांगला, नाव चांगलं. पण पुढं बाहेरच्या देशांतल्या कंपन्या विकत घेत सुटले, कर्ज वाढलं, 2008 ची मंदी आली आणि सगळं कोसळलं.

तिसरं घर सुलाच्या शेजारचंच, यॉर्क वायनरी. गुरनानी कुटुंबानं 2006 मध्ये सुरू केली. यॉर्क हे नाव इंग्लंडचं वाटतं, पण ते योगिता, रवी, कैलाश या मुलांच्या आद्याक्षरांवरून आलंय. एवढ्या मोठ्या शेजाऱ्याच्या बाजूला त्यांनी लहानशी टेस्टिंग रूम चालवली, धरणाचं पाणी दिसेल अशी. 2021 मध्ये सुलानंच ती विकत घेतली. काही जण म्हणतील, हरले. मला तसं वाटत नाही. पंधरा वर्षं नाव उभं केलं म्हणून तर कोणी घेतलं ना? पण घरचं नाव आणि घरची मालकी या दोन गोष्टी कायम एकत्र राहतातच असं नाही, हे धंद्यात उतरताना माहीत असलेलं बरं. खुद्द सुलाही डिसेंबर 2022 पासून शेअर बाजारात आहे.

माझा अनुभव लहान आहे, तरी सांगतो. आमचा लाकडी घाणा आधी दुकानाच्या मागच्या खोलीत होता. पत्रकं छापली, वाटली, पैसे वाया. मग घाणा पुढं आणला, रस्त्यावरून दिसेल असा. लोक थांबायला लागले. करडईच्या तेलाचे चार थेंब तळहातावर दिले की निम्मे लोक बाटली घेतात. नवीन खर्च काय, तर वायरिंग आणि एक बाकडं.

त्या तरुणाला सांगितलं, या बहाराला फक्त चार रविवार कर. मेहकर, चिखली, वाशीमच्या ओळखीच्या दहा-दहा कुटुंबांना बोलाव. स्वतःच्या हातानं संत्री तोडू दे, झाडाखाली झुणका-भाकर दे, माणशी पैसे घे. फुकट बोलावू नको, फुकट आलेला खरं सांगत नाही. वहीत लिही, किती जणांनी क्रेट नेला, किती जण परत आले, मुक्कामाचं किती जणांनी विचारलं. खर्च पंधरा-वीस हजार. मुक्कामाचं विचारणारे बरेच निघाले तर एक खोली बांध, सातबारा तारण न ठेवता.

त्याला हे फार आवडलं नाही. "दादा, तोवर दुसरा कोणी बांधेल की," म्हणाला. बांधू दे म्हटलं. जाताना करडईचं तेल चाखून एक लिटर घेऊन गेला. पहिला रविवार केला तर फोन करतो म्हणालाय.