घामाचा पंचनामा



बोटांना वायरी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीभोवती नळ्या. माणूस उत्तर देतो, कागदावर रेघ नाचते. याला म्हणे खोटं पकडायचं यंत्र म्हणतात! खोटं कुठलं पकडतंय, ते घाम मोजतं, श्वास मोजतं, नाडी मोजतं. घाम भीतीनंही येतो, संतापानंही येतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसनं २००३ सालीच याचा पाया कच्चा असल्याचं सांगितलंय.

आमच्या गोदीत पाळी सुटली की फाटकावर झडती. माझ्या खिशात विडीबंडलाशिवाय काही नसतं, तरी वॉचमनचा हात कमरेला लागला की छाती धडधडते. खरा चोर शीळ घालत निघून जातो. त्याचं आधीच जमलेलं असतं. लावा यंत्र, चोर मीच ठरेन.

इंग्लंडात लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन अटींवर सुटलेल्यांना हे यंत्र लावतात. निदान वायर गुन्हेगाराच्या बोटाला तरी असते. आणि इथं?

हाथरस, २०२०. एकोणीस वर्षांची वाल्मिकी समाजाची पोरगी. मरण्याआधी तिनं मॅजिस्ट्रेटपुढं जबानी दिली. २९ सप्टेंबरला ती गेली आणि त्याच रात्री पोलिसांनी घरच्यांना बाजूला सारून तिला जाळलं. अकरा दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात वीर्य नाही, म्हणजे बलात्कार नाही, असं पोलिसांचा बडा अधिकारी सांगत होता. आणि २ ऑक्टोबरला सरकारी हुकूम: आरोपी, पोलीस आणि पोरीचं घर, सगळ्यांची पॉलिग्राफ आणि नार्को. मारणारे, जाळणारे आणि जिची लेक गेली ती आई, सगळे एकाच रांगेत! च्यायला, याला निःपक्षपातीपणा म्हणायचं!

२०१० साली सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलंय, संमतीशिवाय कुणालाच हे यंत्र लावता येणार नाही. संमती! गावाला पोलिसांचा वेढा, पत्रकारांना बंदी, दारात बंदूक. तिथं 'हो'चा अर्थ काय आणि 'नाही'चा काय? शेकडो वर्षं ज्यांच्या पाठीवर काठी नाचली त्यांची नाडी तिथं शांत चालेल? आणि गावात ज्याची सत्ता आहे त्याला घाम फुटेल कशाला? जात मोजणारी सुई त्या यंत्रात नाही.

२ मार्च २०२३ ला निकाल लागला. चौघांतले तिघं सुटले, एकाला सदोष मनुष्यवधाची जन्मठेप, बलात्कार सिद्ध नाही.

त्या घरानं यंत्राला बसायला नकार दिला होता. नकार दिला की गावगुंड विचारायला मोकळा: लपवताय काय?

पोरीची राखसुद्धा ज्यांनी घरच्यांना विचारून केली नाही, त्यांनी विचारावं हे!