आधी वेगातली तफावत आवरा
फॉर्म्युला वनच्या 2026च्या नियमांत इंजिन तेच, 1.6 लिटरचं व्ही-सिक्स टर्बो. विजेची ताकद मात्र 120 किलोवॅटवरून थेट 350वर गेली. जुन्या व्ही-एट इंजिनांचा आवाज 2014 साली गेला, त्याची हळहळ मला आजही आहे. पण धास्ती वेगळीच : सरळ पट्ट्यावर पुढच्याची बॅटरी संपली आणि मागचा पूर्ण जोरात आला, तर? वेगात गाडी आदळली की काय होतं, ते आपण पाहिलंय : 2020 साली बहारीनच्या शर्यतीत चालक ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली, पेटली. तो ज्वाळांतून बाहेर आला तेव्हा एका पायात बूट नव्हता. डोकं वाचवलं ते हेलोनं, चालकाच्या डोक्याभोवतीच्या टायटॅनियमच्या कड्यानं, ज्याला त्यानंच आधी विरोध केला होता. नियमकर्त्यांनी अपघाताची वाट न बघता वेगातली ही तफावत आधी आवरावी.