चेटकीण, तात्या विंचू आणि गांधीजी

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. नाटकातली एक चेटकीण, बाहुल्यात शिरलेला एक खुनशी गुंड, टिपऱ्यांच्या घरातले प्रेमळ आबा आणि महात्मा गांधी, या चौघांत सारखं काय?

नाही ना सुचत? मग घरात विचारा. आजीला चेटकीण आठवेल, बाबांना तात्या विंचू आणि आईला आबा. उत्तर मात्र एकच येईल : दिलीप प्रभावळकर!

सिनेमात हीरो बहुतेक वेळा हीरोच असतो. नाव बदलतं, शर्ट बदलतो, पण केसांची झुलपं आणि चालायची ऐट तीच. आपल्याला तो तसाच हवा असतो म्हणा. चरित्र अभिनेत्याचं काम याच्या अगदी उलट. त्यानं स्वतःला मागं ठेवायचं आणि दुसऱ्याच कुणाला तरी पुढं आणायचं. प्रेक्षकांनी ‘अरे, हा तोच का?’ म्हटलं, की त्याला शंभरपैकी शंभर मार्क!

१९४४ साली जन्मलेले प्रभावळकर शिकले विज्ञान. नाटकं करायची ती नोकरी सांभाळून. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात ते चेटकीण झाले. बालनाट्य सोपं असतं असं मोठ्यांना उगीचच वाटतं. कंटाळा आला तरी मोठी माणसं शिष्टाचार म्हणून गप्प बसतात. तुम्ही मात्र सरळ खुर्चीवर उभे राहून चुळबुळ सुरू करता. अशा प्रेक्षकांना एकाच वेळी घाबरवायचं आणि हसवायचं, ही काही गंमत नाही.

मग आलं दूरदर्शन. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं. चित्र काळं-पांढरं आणि वाहिनी एकच. त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या कथांवरून केलेली ‘चिमणराव’ ही मालिका लागायची. गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे आणि चिमणराव प्रभावळकर. किरकोळ अंगाचा, भित्रा, पण बोलण्यात मोठा रुबाब आणणारा हा गृहस्थ घराघरांत इतका लाडका झाला, की लोक प्रभावळकरांना चिमणराव म्हणूनच ओळखू लागले.

इथं खरी मेख आहे, बरं का! एखादी भूमिका फार गाजली, की सगळ्यांना तेच पुन्हा हवं असतं. वर्गात एकदा ‘विनोदी’ असा शिक्का बसलेल्या मुलाला विचारून बघा. तो गंभीरपणे काही सांगायला लागला, तरी सगळे आधीच खिदळतात. विनोदी नटाचंही तसंच होतं. प्रभावळकरांनी जन्मभर चिमणरावच केले असते, तरी प्रेक्षकांनी तक्रार केली नसती.

पण १९९१ साली ‘चौकट राजा’ आला. दिग्दर्शक संजय सूरकर. यातला नंदू वयानं मोठा, पण लहानपणी झालेल्या अपघातामुळं त्याचं मन मुलाचंच राहिलेलं. त्याला सांभाळणारी आई म्हणजे सुलभा देशपांडे, आणि पुष्कळ वर्षांनी भेटणारी बालमैत्रीण म्हणजे स्मिता तळवलकर. गंमत म्हणजे प्रभावळकर आधी करणार होते त्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं काम. नंदू त्यांच्याकडं आयत्या वेळी आला.

आता विचार करा. अशा माणसाची नक्कल करून हशा मिळवणं किती सोपं! आपल्या गल्लीतही कुणी असं असतं आणि त्याच्यामागं पोरं लागतात. (खरं सांगा, तुमच्यातल्या कुणी कधी केलंय की नाही?) ज्याला लोक हसण्यासाठीच बघायला येतात, त्या नटानं नंदू करायचा म्हणजे तर तारेवरची कसरत. जरा तोल गेला की थेटरात हशा, आणि अशा मुलांच्या आईबापांच्या डोळ्यांत पाणी. तो तोल गेला नाही. नंदू हसतो, हट्ट करतो, रुसतो. आपण हसतो ते त्याच्याबरोबर, त्याला नव्हे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड काम हेच, गांधीजींपेक्षाही.

त्याच काळात रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त ते अशाच एका मुलाच्या वडिलांचं काम करत होते. मुलगा झाला होता अतुल परचुरे. म्हणजे पडद्यावर मुलगा आणि रंगमंचावर बाप! एकच दुःख दोन्ही बाजूंनी.

आणि लगेच १९९३ साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. बाहुला नाचवला रामदास पाध्यांनी, पण त्यातला आवाज प्रभावळकरांचा. एक गंमत करून बघा. बाहुल्याचा प्रसंग आला की डोळे मिटा आणि फक्त ऐका. रबराचा चेहरा, त्याच्या कपाळावर काय आठ्या पडणार! सगळी भीती येते ती त्या घोगऱ्या आवाजातून.

पुढं २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत ते आबा झाले. तिचं मूळ त्यांच्याच लेखणीतलं. ‘लोकसत्ता’तलं ‘अनुदिनी’ हे सदर. हो, ते लिहितातही! तुमच्या वाचनालयातला ‘बोक्या सातबंडे’ त्यांचाच. नसेल वाचला तर आजच मागा.

२००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी तर तुम्हाला ठाऊकच आहेत. सिनेमा विनोदी, शेजारी संजय दत्तसारखा धिप्पाड मुन्नाभाई, आणि बापू दिसतात फक्त त्यालाच. सगळीकडं हशा पिकतो, पण बापूंना कुणी हसत नाही. हे त्यांनी आवाज न चढवता, हळू बोलून साधलंय. या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या मराठी सिनेमासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि दोनच वर्षांनी ‘सरकार राज’मध्ये ते राजकारणातले रावसाहेब झाले!

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ आला, तेव्हा त्यांनी वयाची ८१ वर्षं पुरी केली होती. यातले बाबुली मेस्त्री कोकणातले दशावतारी कलावंत. रात्री रंग लावून देव व्हायचं आणि सकाळी रंग पुसून पुन्हा आपल्या गरीब घरात यायचं. त्यात आता डोळ्यांना नीट दिसेनासं झालेलं.

‘चौकट राजा’ बघाल तेव्हा आजीला शेजारी बसवून घ्या. आणि हो, रुमाल दोन ठेवा.